बटणच्या एकेचाळीस रेघा

६ जानेवारी

ही वही शिलाईकाकूंनी दिली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची आहे, त्यामुळे प्रत्येक पानावर छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेत. मी रकाने न बघता लिहिणार.

सरांनी दवाखान्यातली मागची खोली मला दिली! आजपर्यंत तिथे मोडके पिंजरे आणि एक तीन पायांची खुर्ची होती. मावशींनी आणि मी दिवसभर घासून काढली. (मावशी जनावरं धरायला असतात. वीस वर्षांत चावलेल्या सगळ्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ आहेत. मालकांपैकी एकाचंही नाही.) खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात छोटा फ्रिज, फ्रिजमध्ये चाळीस बाटल्या: धूळ, गवतं, परागकण, बुरशी, पिसवा, लोकर, कापूस. कुत्र्यामांजरांच्या अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी आणि त्यावरचा उपचार. आपल्या भागात हे कोणीच करत नाही. खाजणाऱ्या कुत्र्याला सुई मारतात, महिनाभर खाज दबते, मग पुन्हा सुई. खाज कशाची, हे कोणी विचारतच नाही. मी विचारणार.

मी बोर्डसुद्धा रंगवून नेला होता. सर म्हणाले, "झकास आहे. तूर्तास भिंतीकडे तोंड करून ठेव. एक जनावर बरं करून दाखव, मग लावू."

"एकच?"

"एक नीट केलंस की कळेल, एक म्हणजे किती असतं."

घरी अप्पांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जो हवा भरायला आला, त्याला हवेबरोबर बातमी. "आमच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःची खोली मिळाली!" आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. अप्पांना वाटतं, पुढचं सगळं आता उतारावरच आहे, पायडल मारायचीसुद्धा गरज नाही.

११ जानेवारी

माझं ते एक जनावर आलं. बटण.

शिलाईकाकूंचं दुकान अप्पांच्या दुकानाला लागून आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या चिंध्यांच्या पेटीत एक पिल्लू येऊन झोपलं, ते हे. रंग तपकिरी, नाक काळं, गोल. गेली दोन वर्षं तो स्वतःला ओरबाडतोय. पोट लाल, काखा काळ्या पडलेल्या, पंजे चावून चावून ओले. कानाला वास. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याच्या रक्ताचा ठिपका पडला.

"लेक फोनवर म्हणाला, आई, आता एक तर गिऱ्हाईक राहील नाहीतर कुत्रा," काकू म्हणाल्या. "गोदामाच्या राखणदाराशी बोलूनही ठेवलंय त्याने. फेब्रुवारी संपेपर्यंत बघतो म्हणाला. तिथे साखळीला बांधतील गं त्याला. हा माझ्या मशीनच्या आवाजाशिवाय झोपत नाही."

मग हळूच म्हणाल्या, "आणि कापडाचीच असली अ‍ॅलर्जी, तर? मी तर कापडातच बसलेली."

मी त्यांना नीट समजावलं. कुशीवरचे केस काढायचे, कातडीत प्रत्येक बाटलीतला अगदी टिपूस टोचायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. ज्याचा त्रास असेल तिथे फुगवटा येतो, आपल्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तसा. मग ज्याचा त्रास तेच औषध: थोडं, आणखी थोडं, आणखी थोडं, असं टोचत जायचं, म्हणजे अंगाला त्याची सवय होते. फक्त चाचणीच्या आधी तीन आठवडे कसलंही औषध नाही. तसा छापील कागदच दिला.

खाज मोजायची कशी, यावर काकूंनीच उपाय काढला. बटण खाजवायला बसला की कापायच्या टेबलावर खडूने एक रेघ. आज दुकान बंद होईपर्यंत एकेचाळीस.

मी त्यांना शब्द दिलाय. बटण कुठेही जाणार नाही.

१९ जानेवारी

रेघा: ४१, ३८, ४३, ४०. औषध बंद म्हटल्यावर हे होणारच.

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून बटणला सकाळ-संध्याकाळ अप्पा फिरवतात. आज म्हणाले, "चार पावलं चालतो आणि बसून पंजा चावतो. मग माझ्याकडे बघतो. बघवत नाही गं."

"थोडेच दिवस, अप्पा. सोसू दे त्याला."

अप्पांनी चेन पुसायला घेतली. त्यांनाही सर्दीने बेजार केलंय. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की दुकानात स्टुलावर पेंगतात. काल एका सायकलचं मडगार्ड उलटं बसवलं. आई म्हणाली, "गिऱ्हाइकाला सांगा, नवीन पद्धत आहे."

२७ जानेवारी

रेघा: २६, २३, १९!

मी काकूंना बटणचं अंथरूण दर दोन दिवसांनी गरम पाण्यातून काढायला सांगितलं होतं. त्याचाच गुण. काकू म्हणतात, दुपारी इतका गाढ झोपतो की मशीन थांबलं तरी उठत नाही. नुसत्या स्वच्छतेने एवढा फरक! हे मी पुढे कुठेतरी लिहून पाठवायला हवं.

अप्पा मला म्हणाले, "बरा दिसतोय ना तुझा पेशंट? तुझा हातगुण." किती खूश होते.

त्यांच्या सर्दीच्या गोळ्यांचं तिसरं पाकीट आणायला आईने मला सांगितलं. "रविवारपासून शिंकलेले ऐकले नाहीत मी, पण गोळ्या मात्र संपतायत," म्हणाली. मी म्हटलं, वय झालं की सर्दी रेंगाळतेच. निदान पेंगत तरी नाहीत आता.

३ फेब्रुवारी

आज चाचणी. काय लिहू.

बटणला हलकी गुंगी दिली. मावशींनी डोकं मांडीवर घेतलं. कुशीवर मार्करने सहा ओळींत सात-सात ठिपके काढले. पहिला ठिपका नुसत्या मिठाच्या पाण्याचा: तिथे काहीही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे ज्या रसाने अंगात खाज सुटते त्याचाच: तिथे कुठल्याही कुत्र्याला फुगवटा यायलाच हवा. उरलेल्या चाळीसांचं माप या दोघांशी ताडून बघायचं. एकही ठिपका चुकला नाही. सर दारात उभे राहून बघत होते.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बटणची कूस इस्त्री केल्यासारखी सपाट.

क्षणभर मला आनंदच झाला. याला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही! काकूंना हाक मारायला वळले, आणि सर म्हणाले, "दुसरा ठिपका बघ." तोही सपाट होता. म्हणजे चाचणीच फुकट.

"बाटली खराब असणार," मी म्हटलं.

"असेल. घरी कोण सांभाळतं याला?"

"दुकानात काकू. फिरवायला माझे अप्पा."

सरांनी चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला. "बरं. आधी बाटली तपास. मग घरी विचार."

"कुणाच्या घरी?"

"घरी," म्हणाले आणि गेले. सर कधीकधी अर्धंच बोलतात.

४ फेब्रुवारी

बाटली तपासायची सगळ्यात सोपी रीत: ती स्वतःला टोचायची. डाव्या हातावर टिपूस टोचला. दहा मिनिटांत रुपयाएवढी गांध आणि अशी खाज की बटणची मनापासून माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "मलाही टोच. कळू दे, अजून जिवंत आहे की नाही ते." त्यांनाही उठली. (सर चिडले. माणसांवर हे करायचं नसतं, पुन्हा करणार नाही.)

म्हणजे बाटली चांगली. म्हणजे बटणच्या पोटात औषध गेलंय, ज्याने खाज आणि फुगवटा दोन्ही दबतात. आणि सर म्हणाले होते, घरी विचार.

मी सरळ काकूंच्या दुकानात गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं होती, पण मला धीर नव्हता. "काकू, तुम्ही याला काही दिलंत का? खरं सांगा."

"नाही गं."

"कुणी दिल्याशिवाय असं होत नाही. मी तुम्हाला कागद दिला होता. सगळं लिहिलं होतं त्यात. दया आली म्हणून दिलं असेल तर सांगून टाका, पण त्या दयेने त्याचंच नुकसान झालंय."

काकूंनी मशीन थांबवलं. "दिलं असतं तर दिलं म्हणाले असते," एवढंच बोलल्या. मग गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घ्यायला लागल्या.

शेजारी अप्पा पंक्चरच्या टबात दोन्ही हात घालून बसले होते. एरवी मला बघितलं की हाक मारतात. आज मान वर केली नाही. कामात असतील.

मला माझं चुकलं असं वाटत नाही. शास्त्रात भिडस्तपणा चालत नाही.

७ फेब्रुवारी

बटण गेला.

काकूंनी परवाच लेकाला फोन करून सांगितलं, ने म्हणून. महिनाअखेरची वाटही बघितली नाही. मी विचारायला गेले, तर म्हणाल्या, "चार माणसांत खोटी ठरले. उद्या बरा नाही झाला तरी माझ्याच माथी येईल. गोदाम तर गोदाम." टेबलावरच्या रेघा पुसून टाकल्या होत्या.

खोलीत जाऊन बसले. बोर्ड भिंतीकडे बघत होता. मीही तेच केलं.

९ फेब्रुवारी

सकाळी मी बाहेर पडत होते, तर अप्पा दारात हत्यारांची पेटी घेऊन उभे. दुकानातून ती कधी घरी आणत नाहीत. पेटी खाली ठेवली, पाने-पकडी बाजूला केल्या आणि तळातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. दोन होती.

"मी दिल्या," म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ एक. पावात घालून."

मला आधी कळेचना. आई म्हणाली, "अहो, कुणाला?"

"बटणला. डॉक्टर म्हणाले होते, शिंका, खाज, सगळ्यावर चालते ही. हिने सांगितलं, औषध बंद. मला वाटलं, खाजेचं औषध बंद. ही तर माझी सर्दीची." मग एक पकड उचलून पेटीत ठेवली. "नाही, हेही खरं नाही. मला वाटलं होतं विचारावं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तो माझ्याकडे बघायचा गं. आणि तुझं पहिलं जनावर. सरांसमोर टेबलावर जायचं, तर जरा बरा दिसू दे म्हटलं. तुझ्या मुलाखतीच्या दिवशी तुझी सायकल पुसून दिली होती ना, तसंच."

मी चिडणार होते. तोंड उघडलं होतं. पण आधी त्या पाकिटांवरचा गोळीचा प्रकार वाचला: नशीब, साधी होती. नाक मोकळं करणारं औषध मिसळलेली असती तर बटणच्या जिवावर बेतलं असतं. हे मी अप्पांना सांगितलं.

"पण गोळी खाल्ली तर चाचणीला काय होतं?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. आणि माझ्या लक्षात आलं, काकूंना मी कागद दिला, सरांना आकडे दाखवले. अप्पांना मी एवढंच म्हटलं होतं, सोसू दे. रोज दोन वेळा बटणबरोबर असणारा माणूस तोच होता, आणि मला वाटलं, त्यांना समजावून काय करायचंय.

मी म्हटलं, "चाचणी म्हणजे तुमचा टब. ट्यूब बुडवायची आणि..."

"...बुडबुडा येईल तिथे भोक," अप्पा म्हणाले. मग कपाळाला हात लावला. "आणि मी हवाच काढून टाकली. मग कुठला बुडबुडा यायला!"

बेचाळीस ठिपक्यांचं मर्म मला इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

अप्पा माझ्या आधी काकूंच्या दुकानात पोचले होते. मी गेले तेव्हा त्यांचं सगळं सांगून झालं होतं. मी म्हटलं, "काकू, माझं चुकलं. चारचौघांत चुकलं, म्हणून चारचौघांतच सांगते." दोन गिऱ्हाइकं होती. ती नव्हती, दुसरीच होती, पण तरी.

काकू म्हणाल्या, "मी कापायच्या आधी दोनदा मोजते. तू एकदाच मोजलंस."

"हो."

"तुझ्या बापाने तर मोजलंच नाही." मग पायातल्या चपला शोधायला लागल्या. "चला. उभे काय राहिलात?"

गोदामाच्या फाटकाशी बटण साखळीला होता. दोन्ही पंजे सोललेले. राखणदार म्हणाला, "हा कुत्रा आहे की घुंगरू? दिवसभर साखळी वाजवतोय. घेऊन जा बाबा, माझंच अंग खाजायला लागलं." बटण काकूंच्या पदरात तोंड खुपसून जे रडला ते मला लिहिता येणार नाही.

काकूंनी तिथूनच लेकाला फोन लावला. "दुकान माझं, मशीन माझं, कुत्रा माझा. गिऱ्हाइकाचं मी बघते. हो. ठेव."

परतताना अप्पा बोटं मोजत होते. "पाच तारखेला नेला म्हणजे गोळी पाचपासून बंद. पाच दिवस तर निघालेसुद्धा!" काकूंनी असं बघितलं की बोटं खिशात गेली.

२६ फेब्रुवारी

फुगवटे उठले!

हिस्टामिनचा ठिपका: बारा मिलिमीटर. मिठाचं पाणी: सपाट. घरातल्या धुळीत जे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात त्यांचा: चौदा! एका गवताचा दहा. मावशी प्रत्येक फुगवट्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "बारशाला जमल्यासारखं काय बघताय सगळे?"

काकूंनी फक्त एकच विचारलं. "आणि कापूस? लोकर?"

"सपाट. दोन्ही सपाट. कापडाची नाही, काकू."

त्यांनी पदराने चेहरा पुसला. गेला दीड महिना त्या काय धरून बसल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

सर नंतर म्हणाले, "तर अप्पा होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. मी पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा कुत्र्याला उपाशी ठेवायचं होतं. माझ्या आईने गुपचूप दूध पाजलं. 'भुकेला कसा जाईल बिचारा.' म्हणून वाटलं, घरचं घरी कळावं."

"पण तुम्ही अर्धंच सांगितलंत आणि मधल्यामधे काकू भरडल्या."

सर म्हणाले, "हो. ती माझी चूक."

सरांना मी असं बोलले! आणि छत कोसळलं नाही.

१२ मार्च

चार दिवसांपूर्वी बटणची खास बाटली आली, धुळीची आणि त्या गवताची. पहिला डोस मी दिला. पुढचे दुकानातच द्यायचे, दर काही दिवसांनी, मात्रा चढवत. दोऱ्याशिवाय सुई हातात धरायची म्हटल्यावर काकूंनी हात मागे घेतला. अप्पा म्हणाले, "मी शिकतो."

सायकलच्या जुन्या ट्यूबवर सराव चाललाय. कालपर्यंत टोचताना तोंड फिरवायचे. मी म्हटलं, "अप्पा, बघून टोचा." तर म्हणतात, "ट्यूबला दुखत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांना माहीत नाही."

डोस दिल्यावर अर्धा तास बटणजवळ बसायचं, तोंड सुजतंय का, उलटी होते का ते बघायचं. अप्पा दुकानाला कुलूप लावून बसतात.

२ मे

रेघा: ३६, ४०, ३७. काहीही फरक नाही. पुस्तकात सहा महिने ते वर्ष असं लिहिलंय, आणि काही कुत्र्यांना गुण येतच नाही, असंही. ते वाक्य परीक्षेच्या वेळी एका दमात पाठ केलं होतं. आज तीनदा वाचलं. मधल्या काळात कानाला थेंब, अंगाला औषधी साबण आणि सरांनी ठरवून दिलेलं थोडं औषध. एकदाचं बरं करणारी जादू माझ्याकडे नाही. पण कारण आहे माझ्याकडे. ते कुणाकडे नव्हतं.

२० जून

ग्रंथपालबाईंची मांजर आली चाचणीला. मांजरांचे फुगवटे इतके पुसट की दिवा आडवा धरून बघावे लागले. शुद्धीवर आल्यावर तिने आपली भादरलेली कूस बघितली, मग माझ्याकडे, आणि मी भाडं न देता तिची खोली वापरली असावी तशी पाठ फिरवून बसली.

ग्रंथपालबाईंना मी कागद दिला, आणि मग विचारलं, "घरात आणखी कोण कोण आहे? सगळ्यांना घेऊन या." पाच जण आले. सासऱ्यांनी मान्य केलं की ते तिला मलम लावतात.

८ ऑगस्ट

रेघा: १७.

आनंद व्हायच्या आधी मी काकूंकडे बघितलं. काकूंनी अप्पांकडे. अप्पांनी दोन्ही हात वर केले. "झडती घ्या. पेटी उघडतो."

पेटीत पाने-पकडीच होत्या. मी तरी तळापर्यंत बघितलं.

१५ नोव्हेंबर

आज संध्याकाळी दुकानात गेले, तर मशीन चालू होतं आणि बटण त्याच्याखाली आडवा. पोटावर केस आलेत, बारीक, मऊ. पंजे कोरडे. एक गिऱ्हाईक त्याला ओलांडून गेलं, "नवीन कुत्रा का?" म्हणालं.

टेबलावर तीन रेघा. काकू म्हणाल्या, "त्यातली एक माशी बसली म्हणून होती. पण मी ओढली. उगाच आकडा कमी नको." आणि मला एक पांढरा कोट दिला, स्वतः शिवलेला. मापं कधी घेतली, विचारलं तर म्हणाल्या, "दोनदा घेतली. तुला कळलं नाही."

दुपारी सरांनी बोर्ड स्वतः भिंतीपासून फिरवला होता. मावशी खिळा ठोकत होत्या. सर एवढंच म्हणाले, "एक झालं." अजून वर्षभर तरी महिन्याला एक डोस लागेल, कदाचित जन्मभर. पण आता मला माहीत आहे, एक म्हणजे किती. एक म्हणजे काकू, अप्पा, मावशी, सर, आणि मग कुत्रा.

घरी आले तर अप्पा नाक लाल करून बसलेले. आठ शिंका, मी मोजल्या. हातात गोळी होती आणि समोर पाण्याचं भांडं, दोन्ही तसंच.

"तुझीच वाट बघत होतो," म्हणाले. "घेऊ का?"

"घ्या ना, अप्पा. ती तुमच्यासाठीच आहे."

त्यांनी घेतली. मग रिकामं तोंड उघडून मला दाखवलं.